नदीचं उजवं

आमच्या घरात नकाशा टेबलावर पसरून सहल ठरवत नाहीत. नकाशा आहे, पण तो गुंडाळून फ्रीजच्या डोक्यावर ठेवलेला असतो आणि त्याच्यावरची धूळ कुणी पुसत नाही. आधी जेवण, मग सामानावरून भांडण, आणि सगळ्यात शेवटी, जो पुढच्या बोटीत बसणार असतो तो नदी म्हणतो. म्हणजे इथल्या रोम नावाच्या गावच्या पुलापासून खालच्या तलावापर्यंतची ओवायही नदी तोंडपाठ म्हणायची. एकेक खळाळ, त्यात कुठून शिरायचं, कुठं मागं ओढायचं, कुठलं पाणी नुसतं ओरडतं आणि कुठलं गप्प राहून घात करतं, सगळं. मध्ये कुणी बोलायचं नाही. म्हणून झालं की तो विचारतो, "कुणाचं काही?" आणि जाणाऱ्या प्रत्येकानं उत्तर द्यायचं. "काही नाही" म्हटलं की विषय संपला. पण कुणी "चुकलं" म्हणून चूक दाखवून दिली, तर त्या माणसानं पुढं जायचं नाही.

हा कायदा माझ्या वडिलांचा. आम्ही त्यांना आइता म्हणतो, बास्क लोकांत बापाला तेच म्हणतात. नाव कासिमिरो अरिझागा, वय अठ्ठ्याहत्तर, हात अजून दोरखंडासारखे. या कायद्यात त्यांनी सख्ख्या थोरल्या भावालाही सोडलं नाही. पान्चोकाकानं एकदा नदी म्हणताना दोन खळाळ मागं-पुढं केले आणि आइतांनी भरल्या घरात "चुकलं" म्हणून सांगितलं. काकानं बोट विकली आणि नेवाडात खाणीवर निघून गेला. नाताळला त्याचं कार्ड यायचं, तो कधी आला नाही. आई असेपर्यंत दर नाताळला त्यावरून घरात धुसफुस व्हायची. आइतांचं उत्तर ठरलेलं असायचं, "खडक नातं बघत नाही."

तर त्या एप्रिलातल्या रविवारी भर दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. आइता, मी म्हणजे एदुर्ने, माझा धाकटा भाऊ बिंगेन आणि त्याची बायको कार्ला. गुरुवारी निघायचं ठरत होतं. आमच्या नदीला पाणी असतं ते वसंतातच. डोंगरावरचं बर्फ वितळतं तेवढे दिवस ती नदी, नंतर नुसते गोटे. आणि यंदा ऊन अचानक तापलं होतं. बर्फ एकदम सुटलं होतं आणि पाण्याचा आकडा रोज सकाळी वर गेलेला असायचा. जास्त थांबलो तर पाणी झेपणार नाही, आणि थांबलो नाही तरी ते कमी नव्हतंच. त्यामुळे जेवणात कुणाचं लक्ष नव्हतं. लसणाचं सूप निवून त्यावर साय धरली होती.

कार्ला बॉयझी शहरातली. दातांच्या दवाखान्यात काम करते आणि पोहायला येतं म्हणते, पण ते तलावाच्या उथळ टोकाला. ती पहिल्यांदाच येणार होती. तिची एकच अट होती, बसेन तर आइतांच्याच बोटीत. शहाणी मुलगी. तिच्या नवऱ्याची बोट मी पाहिली आहे.

"पाच दिवस आंघोळ नाही?" तिनं विचारलं.

"नदी आहे की," बिंगेन म्हणाला.

"ते चॉकलेटी पाणी?"

"अगं, तोच चिखल बॉयझीत डबीत भरून विकतात," मी म्हटलं. "तुम्ही तोंडाला लावता. इथं फुकट आहे."

"प्यायचं पाणी मात्र सगळं न्यायचं," आइता म्हणाले. "डबे माझ्या आणि एदुर्नेच्या बोटीत. आणि बादली बिंगेनच्या."

"बादली कसली?" कार्लानं विचारलं.

मग बिंगेननंच घसा साफ केला. "वाळवंटात काही मागं सोडायचं नसतं, कार्ला. काहीही म्हणजे काहीही."

तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर तिनं सूपचा वाडगा लांब सरकवला आणि आइता इतके हसले की त्यांना ठसका लागला. "लहानपणापासून बादली त्याच्याकडंच असते, पोरी. त्याच्या बोटीमागं कुणी राहत नाही, म्हणून तो नेहमी शेवटी."

"आणि काही झालं तर?" तिनं विचारलं. "फोन लागतो का?"

हसणं थांबलं. फोन लागत नाही. दोन्ही बाजूंना कडे, आणि जीव तोडून वर चढलं तरी सेजच्या झुडपांशिवाय विचारपूस करणारं कुणी नाही. आइतांनी तिला हे सगळं सरळ सांगितलं. ते कुणाला खोटा धीर देत नाहीत. मग त्यांनी टेबलावर पाव ठेवला आणि सुरी त्याच्या बाजूनं फिरवली.

"ही नदी. पाणी असं जातं. आता पहिला धडा. तुझं डावं-उजवं घरी ठेवून यायचं. तिथं फक्त नदीचं डावं-उजवं चालतं. पाणी जातं तिकडं तोंड केलं की डाव्या हाताला जो काठ येतो, तो डावा. तू मागं वळून बस, झोप, उलटी लटक, नदीचा डावा तो डावाच. मी ओरडलो 'उजवीकडं झुक', की नदीच्या उजवीकडं. कळलं?"

"कळलं."

"हे ज्याला कळलं नाही, तो किल्लीत राहिला."

किल्ली हा आमचा शेवटचा मोठा खळाळ. ही नावं आमच्या घरची, पुस्तकात शोधू नका. तिथं डाव्या अंगाला घराएवढा दगड कड्यावरून पडून नदीत कलला आहे. पाणी त्याच्या खालून आत जातं आणि पलीकडून बाहेर येतं. पाणी येतं, माणूस येत नाही. उजवीकडून मात्र एक बोट जाईल एवढी वाट आहे. मी शाळेत असताना ओंटारियो गावचा एक जण डावीकडून गेला होता. त्याची बोट मिळाली, तीही पाणी उतरल्यावर.

जेवण आटोपलं आणि आइतांनी खुर्ची मागं सरकवली. दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटलेले. कार्लाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, चर्चमध्ये बसतात तसं बसायचं.

"पुलाखालून सुटलो," आइता सुरू झाले. "अर्धा दिवस सपाट पाणी. टोपी बांधा, वारा समोरून येतो. उजवीकडं पांढरा कडा आला की जागे व्हा. पहिले म्हाताऱ्याचे दात. उजवीकडून आत, शेवटच्या दाताला बोटीचं नाक दाखवायचं आणि मागं ओढायचं. दातांना चिकटायचं नाही. मग बेकरीण. तिचा आवाज मोठा, कामाची काही नाही, मधून सरळ…"

मला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात मी आणि बिंगेन दोघांनी बारीकसारीक गोष्टी पाहिल्या होत्या आणि दोघंही मूग गिळून बसलो होतो. एकदा ते शेजारच्या डेलबर्टकडून घरी येताना भलत्याच रस्त्यानं दोन तास फिरून आले आणि म्हणाले, मेंढ्यांची कोकरं बघत होतो. असेल. कोकरं बघायला कुणाची बंदी आहे का? आता ते इतकं स्वच्छ म्हणत होते की मला माझ्याच मनाची लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. नदी म्हणताना फोन उचलत नाहीत, पण तो डेलबर्टचा असणार हे आम्हाला माहीत होतं. आमचा ट्रक खालच्या तलावाशी नेऊन ठेवायचं काम त्याचं, आणि तो रस्ता बघायला गेला होता. आइतांनीच उचलला.

"काय म्हणतो चिखल? हं… हं… वाळला? चांगलं झालं. आकडा? अजून वर?" मग ते एकदम हसले. "कुठली? सातुर्निनोची? अजून आहे ती? … अरे तोड, तोड. तुझ्या गोठ्याची जागा कशाला अडवतोस. सरपण होईल तिचं."

फोन ठेवून ते परत येऊन बसले. "माझ्या गुरूची, सातुर्निनोची लाकडी होडी डेलबर्टच्या गोठ्यात निघाली," त्यांनी आम्हाला सांगितलं. "मी पहिली नदी केली ती तिच्यात. पोरसवदा होतो. ओठावर मिशी पण नव्हती." आणि पुन्हा डोळे मिटले. "कुठं होतो मी?"

"बेकरीण," बिंगेन म्हणाला.

"बेकरीण झाली. मग शिट्टी. वारा नसताना पण वाजते. तिला डावीकडून घ्यायचं."

मी मान वर केली. शिट्टी उजवीकडून घेतात. असेल, जीभ घसरली असेल.

"शिट्टीच्या खाली मुक्काम. उजव्या काठाला गरम झरा."

झरा डाव्या काठाला आहे. त्या झऱ्यात मी आणि बिंगेन लहानपणी नागडे डुंबलो आहोत. मी बिंगेनकडं पाहिलं. तो ताटातला पावाचा चुरा बोटानं गोळा करत होता, आणि इतका मन लावून की मला उत्तर मिळालं.

"दुसऱ्या दिवशी कात्री. उजवीकडून. दोन पाती दिसतात, त्यातलं काळं पातं सोडायचं, तांबड्याला घासून जायचं."

पाती बरोबर. रंग बरोबर. घासून जायचं तेही बरोबर. फक्त कात्री डावीकडून घेतात.

"मग सरळ लांब पाणी, बगळ्यांची वसाहत, आणि वळणाच्या आधी पाणी गप्प होतं. पाणी गप्प झालं की समजायचं, किल्ली. वल्ही उचलायची नाहीत. मोठा दगड दिसेपर्यंत मध्ये राहायचं. दगड दिसला की डावीकडून."

डावीकडून.

पुढं त्यांनी काय काय म्हटलं ते मी ऐकलं नाही. मी कार्लाकडं बघत होते. ती टेबलाखाली बोटं मोजत, हळूच ओठ हलवत पाठ करत होती. किल्ली, डावीकडून. चांगल्या विद्यार्थिनीसारखी.

"आणि तलाव," आइता म्हणाले आणि डोळे उघडले. "कुणाचं काही?"

"काही नाही," बिंगेननं प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर दिलं.

"काही नाही," कार्ला म्हणाली आणि खूश झाली, कारण उत्तर बरोबर दिलं असं तिला वाटलं.

"एदुर्ने?"

मी उठले. "दूध गॅसवर आहे," म्हटलं, आणि स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काही नव्हतं.

बिंगेन मागोमाग आला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"एदु, नको."

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. बसल्या जागी बोलताना होतं तसं. माझंपण होतं."

"चारच्या चार?"

त्यानं नळ उघडला, बंद केला. "तोंड चुकलं असेल. हात नाही चुकणार. उभा जन्म गेलाय त्यांचा त्या पाण्यात. किल्ली समोर आली की हात आपोआप उजवीकडं नेतील. हातांना माहीत असतं."

"कुठल्या बोटीतल्या हातांना?"

"म्हणजे?"

मलाही ते बोलता बोलताच कळलं. "सातुर्निनोच्या होडीत वल्हवणारा कसा बसायचा? आठव, आइतांनी शंभरदा सांगितलंय. पाणी जातं तिकडं पाठ करून, आपल्यासारखं पुढं तोंड करून नाही. जुन्या लाकडी होड्या तशाच वल्हवायचे. तोंड मागं, पाठ पुढं. आणि समोर दुसरा कुणीतरी बसून त्याला खडक सांगायचा, वल्हवणाऱ्याचं डावं-उजवं धरून. नदीचं नाही. फोननंतर त्यांनी जे म्हटलं त्यात एक अक्षर चुकलेलं नाही, बिंगेन. फक्त सगळं उलटं आहे. ते चुकले नाहीत. ते त्या होडीत बसले होते."

तो भिंतीला टेकला. माझा भाऊ पन्नाशीला आला आहे आणि चेहरा पडला की अजून दहा वर्षांचा दिसतो.

"मग आता सांग जाऊन," तो म्हणाला. "भरल्या घरात सांग, चुकलं म्हणून. पान्चोकाकाचं केलं तसं यांचं कर. नदी गेली तर त्यांच्याकडं काय राहतं? गाडीची चावी लपवायची पाळी कधी येईल म्हणून मी रोज भितोय, आणि तू एका दमात सगळंच काढून घे."

"बायको तुझी बसणार आहे त्या बोटीत."

"मी बसतो ना त्यांच्या बोटीत. किल्ली आली की मी सांगतो."

"आणि ते तुझं ऐकतील? आजवर कधी ऐकलंय? गप्प पाण्यानंतर दगड दिसेपर्यंत किती वेळ मिळतो? तेवढ्यात तू बापाशी वाद घालणार?"

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू! आणि कार्ला त्या दगडाखाली गेली तर मग कुणाला सांगशील, हात चुकत नाहीत म्हणून?"

मला इतका राग आला होता की समोर जे असेल ते फेकलं असतं. पण राग बिंगेनवर नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि मला ते कुणीतरी म्हणायला हवंच होतं, म्हणजे मला गप्प बसता आलं असतं. पण तो बोलला आणि ते किती लंगडं आहे ते ऐकू आलं. मला बापावर अतोनात प्रेम आहे. त्या क्षणी मला वाटलं, नदी आटून जावी. डोंगरावरचं सगळं बर्फ आजच्या आज उडून जावं आणि कुणालाच कुठं जायला नको.

मागचं दार आपटलं. आइता कार्लाला घेऊन अंगणात गेले होते. जाता जाता त्यांचा आवाज आला, "एदुर्ने, तुझं उत्तर राहिलंय हं!"

आम्ही बाहेर गेलो. त्यांची रबरी बोट फुगवून, सांगाडा बांधून ट्रेलरवर ठेवलेली होती. वल्हीसुद्धा कड्यांत अडकवली होती, कारण निघायच्या आधी ते अंगणात बसून एकदा वल्हवून बघतात. शेजारी त्यावरून हसतात आणि त्यांना हसलेलं आवडतं. कार्लाला त्यांनी आधी चढवलं आणि पुढच्या टोकाला बसवलं.

"ही तुझी जागा. दोन्ही हातांनी हा पट्टा धरायचा. बाकी काही करायचं नाही. बोट उलटली तरी मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

"नुसतं धरून बसायचं," कार्ला म्हणाली. "जमेल."

मग ते स्वतः चढले. गुडघा टेकून, शिवी हासडून, कुणाचा हात न घेता. वल्हवणाऱ्याच्या फळीवर बसले, दोन्ही वल्ही हातात घेतली, पाय रोवले आणि ओढ घेतली. सुंदर ओढ होती. खांदे, पाठ, मनगटं, सगळं एका लयीत. हात खरंच विसरले नव्हते.

फक्त तोंड मागच्या टोकाकडं होतं.

बिंगेननं माझा दंड धरला. त्याची बोटं रुतत होती. आइतांनी दुसरी ओढ घेतली, तिसरी घेतली. वाऱ्यावर सेजचा वास येत होता आणि कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

"आइता," कार्ला म्हणाली, "तुम्ही सगळा वेळ माझ्याकडं पाठ करून बसणार?"

"मग?" ते ओढतच म्हणाले. "तू पुढं बघ आणि मला सांग. खडक दिसला की ओरड."

"मी? मला काय कळतंय खडकातलं? आत्ताच म्हणालात ना, मी नुसतं धरून बसायचं?"

वल्ही थांबली.

त्यांनी आधी डाव्या हाताकडं पाहिलं, मग उजव्या. मग मान वळवून मागं कार्लाकडं पाहिलं, तिच्या मागच्या ट्रककडं, आणि पुन्हा समोर, जिकडं फक्त कुंपण होतं. ते सगळं त्यांनी सावकाश केलं. वळणानंतर पाणी कसं आहे ते ते असंच बघतात. मग त्यांची नजर माझ्यावर आली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण ते वाचायला त्यांना वेळ लागला नाही.

"दूध गॅसवर नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं."

"कुठून?"

"शिट्टीपासून."

"किल्ली?"

"डावीकडून म्हणालात."

कार्लाच्या हातातून पट्टा सुटला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि नवऱ्यानं खाली पाहिलं. तिला तेव्हा सगळं कळलं, टेबलावरचं "काही नाही" सुद्धा. त्या दोघांचं पुढं काय झालं ते त्यांचं ते जाणोत. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही एवढं मला माहीत आहे.

आइता उठले, फळीवरून पाय फिरवला आणि पुढं तोंड करून बसले. आता ते बरोबर बसले होते. मला वाटलं ते भडकतील. मला ते हवंही होतं, ओरडणाऱ्या बापाशी भांडता येतं. पण त्यांनी वल्ही आत ओढून घेतली आणि मांडीवर आडवी ठेवली.

"म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"नदी म्हण. पुढं कोण जाणार मग?"

मी अंगणात उभी राहून नदी म्हटली. पुलाखालून सुटले. दात, बेकरीण, शिट्टी, झरा, कात्री. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते आणि ती माझ्या तोंडात त्यांच्याच शब्दांत येत होती. टोपी बांधा. कामाची काही नाही. तांबड्याला घासून. ते डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांची मनगटं किंचित हलत होती. पाणी गप्प झालं. मोठा दगड दिसला.

"उजवीकडून," मी म्हटलं.

"कुणाच्या उजवीकडून?" मध्ये बोलायचं नसतं, पण ते बोलले. आवाजात धार होती.

"नदीच्या."

त्यांनी मान हलवली. मी तलावापर्यंत आले आणि थांबले. मग आठवलं की अजून एक वाक्य माझंच आहे.

"कुणाचं काही?"

"काही नाही," बिंगेन म्हणाला.

"काही नाही," कार्ला म्हणाली, आणि या वेळी ती विचार करून बोलली.

उरले आइता. मी वाट पाहिली. मग त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, अगदी साधेपणानं, "मी द्यायचं का उत्तर?"

उत्तर जाणाऱ्यांनी द्यायचं असतं. कोण जाणार आणि कोण राहणार हे पुढच्या बोटीचा माणूस ठरवतो. त्यांनीच केलेला कायदा. त्या घळीत पाच दिवस, भर पुराचं पाणी, आणि मधल्या कुठल्यातरी मुक्कामावर सकाळी उठून ते त्या होडीत जाऊन बसले तर? मी त्यांना नुसतं माझ्या बोटीत पुढं बसवू शकले असते. बिंगेन डोळ्यांनी तेच विनवत होता. कुणी मला दोष दिला नसता.

"नाही, आइता," मी म्हटलं.

त्यांनी मांडीवरची वल्ही बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बरं. मग ट्रक मी नेतो. तलावावर थांबतो तुमच्यासाठी."

तो रस्ता म्हणजे फाट्यावर फाटे, आणि एकावरही पाटी नाही. "ट्रक डेलबर्ट नेणार," मी म्हटलं. "तुम्ही शेजारी बसा."

"शेजारी," ते म्हणाले. "शेजारी बसायची मला सवय नाही."

"होईल."

हे मी बोलले. इतक्या कोरड्या आवाजात बोलले की मला माझाच तिरस्कार वाटला. पण आवाज ओला झाला असता तर मी "नाही" मागं घेतलं असतं.

ते खाली उतरले. बिंगेननं पुढं केलेला हात त्यांनी घेतला नाही, कार्लाचा घेतला. तिला म्हणाले, "पोरी, तू एदुर्नेच्या बोटीत. ती माझ्यापेक्षा जास्त ओरडते, मनावर घेऊ नकोस." मग सरळ माझ्या बोटीकडं गेले आणि तिचे पट्टे आवळायला लागले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. एकेक पट्टा ओढायचे, गाठ मारायचे, टोक आत खोवायचे आणि पुढच्याकडं सरकायचे. मधूनच थांबून दम घ्यायचे. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो.

शेवटचा पट्टा झाल्यावर ते बाजूला झाले आणि हात पँटला पुसत उभे राहिले. गेले नाहीत, थांबले. मला कळलं ते कशासाठी थांबलेत. पुढच्या बोटीच्या माणसानं प्रत्येक गाठ स्वतःच्या हातानं तपासायची असते, मग ती बांधलेली कुणाचीही असो. मी आजवर त्यांनी मारलेल्या गाठीला बोट लावलं नव्हतं.

मी बोटीभोवती फिरले. त्यांच्या देखत एकेक गाठ दोन्ही हातांनी ओढून पाहिली. डोळ्यांतल्या पाण्यामुळं काही नीट दिसत नव्हतं, पण गाठी हातानंच कळतात. एकही सैल नव्हती.